कलकत्त्याचा बेकार पोरगा आणि आपण

मी काय सिनेमाचा जाणकार नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर बदली कामगार आहे. बंगाली मला येत नाही. हे सिनेमे मी एका दोस्ताच्या खोलीवर, सुट्टीच्या दिवशी, खाली येणारी इंग्रजी अक्षरं थांबवत थांबवत, डिक्शनरी मांडीवर घेऊन पाहिले. तरी हे लिहिणं भाग आहे. कारण आमच्या अभ्यासवर्गात यावरून भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

झालं असं. वर्गातला एक पोरगा बी. ए. झालेला. त्याच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. तीन वर्षं मुलाखती देऊन थकलेला. त्यानं सत्यजित राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' पाहिला आणि म्हणाला, "अरे, त्यातला सिद्धार्थ म्हंजे मीच. शिका म्हणाले, शिकलो. पुढं काय?" दुसरा एक जण तडकला. "भद्रलोकाच्या पोराला खुर्ची मिळत नाय म्हणून तू कशाला रडतोस? आपल्याला कधी होती खुर्ची?" दोघांचंही मला अर्धं-अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी वाचायला लागलो. जे सापडलं ते मांडतो.

खुर्चीची वहिवाट

कलकत्ता १९११ पर्यंत इंग्रजांच्या राज्याची राजधानी. इंग्रजी शिकायचं आणि कचेरीत खुर्ची धरायची, ही तिथल्या ब्राह्मण, कायस्थ आणि वैद्य या तीन जातींची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. या वर्गाला तिकडं 'भद्रलोक' म्हणतात. आपल्याकडच्या पांढरपेशाचा तो बंगाली भाऊ. कविता त्याची, वर्तमानपत्रं त्याची, काँग्रेस त्याची आणि पुढं कम्युनिस्ट पक्षाचे पुढारीही बहुतेक त्याचेच.

१९४३ च्या दुष्काळात बंगालात वीस-तीस लाख माणसं मेली. ती मुख्यतः खेड्यातली, बिनजमिनीची, मासे धरणारी, मजुरी करणारी. १९४७ ला फाळणी झाली आणि पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले. पण भद्रलोकाच्या खुर्चीला खरा हादरा बसला तो १९६५ नंतर. पाकिस्तानशी युद्ध झालं, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनाच थांबली. सरकारी ऑर्डरी आटल्या आणि हावड्याकडच्या इंजिनियरिंग कारखान्यांचा श्वास कोंडला. १९६६ ला अन्नासाठी मोर्चे निघाले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९६७ ला संयुक्त आघाडीचं सरकार आलं, कारखान्या-कारखान्यांत घेराव सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात नक्षलबारीत पोलिसांनी शेतकरी बाया-पोरांना गोळ्या घातल्या. दोन वर्षांनी नवा पक्ष निघाला आणि कॉलेजची हुशार पोरं पुस्तकं टाकून त्यात गेली. ऑगस्ट १९७१ मध्ये काशीपूर-बरानगर भागात पोरं वेचून मारली गेली.

या सात-आठ वर्षांत तिकडच्या सिनेमात एक माणूस परत परत येतो. वय बावीस-पंचवीस, शर्टाची कॉलर विरलेली, हातात सर्टिफिकिटांची फाईल. तपन सिन्हांचा 'आपनजन' १९६८ ला आला. त्यात गल्लीतली बेकार पोरं आहेत, पुढारी त्यांना पैसे देऊन एकमेकांवर सोडतात, आणि खेड्यातून आलेली एक म्हातारी त्यांना आपलं म्हणते. गुलजारांनी त्याच गोष्टीवर १९७१ ला हिंदीत 'मेरे अपने' काढला. तो आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय. पण हे नुसतं दार. आतल्या खोल्या रायांनी आणि मृणाल सेनांनी उघडल्या.

रायांचे तीन पोरगे

रायांनी कलकत्त्यावर तीन चित्रपट केले.

पहिला 'प्रतिद्वंद्वी', १९७०. नायकाचं नाव सिद्धार्थ. ते ऐकून मी आडवा पडलो होतो तो उठून बसलो. बाप मेल्यामुळं मेडिकल कॉलेज सोडावं लागलेलं. मुलाखतीत साहेब विचारतात, गेल्या दहा वर्षांतली सर्वांत मोठी घटना कोणती? त्यांना पाहिजे चंद्रावर माणूस उतरला. हा म्हणतो व्हिएतनामचं युद्ध. कारण चंद्रावर माणूस जाणार हे ठरलेलंच होतं, पण साध्या माणसांमध्ये एवढी हिंमत निघेल हे कुणाला ठाऊक होतं? लगेच पुढचा प्रश्न, तू कम्युनिस्ट आहेस का? नोकरी गेली.

शेवटी दुसरी मुलाखत. बाहेर पोरांची गर्दी, उकाडा, बसायला खुर्च्या पुरत नाहीत, एक जण चक्कर येऊन पडतो. आत साहेब लोक निवांत. सिद्धार्थ सरळ आत घुसतो आणि टेबल उलथं करतो. त्या क्षणी खोलीवर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मग तो शहर सोडून बालूरघाटला औषधं विकायला जातो. लहानपणी ऐकलेल्या एका पाखराचा आवाज त्याला तिथं परत ऐकू येतो. टेबल उलथं झालं, पण साहेबानं ते पुन्हा सरळ केलंच असणार.

दुसरा 'सीमाबद्ध', १९७१. इथला नायक बेकार नाही, हे ध्यानात घ्या. श्यामलेंदू चॅटर्जी, पंखे बनवणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी, वर चढायची घाई. परदेशी पाठवायच्या पंख्यांत दोष निघतो. वेळेत माल गेला नाही तर कंपनीला भुर्दंड आणि याची बढती गेली. मग हा कामगार-अधिकाऱ्याला हाताशी धरून कारखान्यात मुद्दाम गडबड घडवून आणतो. बॉम्ब फुटतो, एक पहारेकरी जखमी होतो, टाळेबंदी लागते, भुर्दंड टळतो. श्यामलेंदू डायरेक्टर होतो. त्या दिवशी लिफ्ट बंद असते, म्हणून घामाघूम होत जिने चढून तो घरी पोचतो.

मला हा तिघांत सर्वांत जवळचा वाटला, कारण मी टाळेबंदी खालून पाहिलेली आहे. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ चा संप त्यानं केला आणि मग गावाकडं परत आला तो कायमचा. मरेपर्यंत म्हणायचा, "पोरा, संप आम्ही केला हे खरं. पण गिरणी बंद ठेवायचं कुणी ठरवलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाय." 'सीमाबद्ध' पाहिल्यावर टाळेबंदीचा कागद कोणत्या मजल्यावर टाईप होतो ते मला पहिल्यांदा दिसलं. रायांचे उपकार मानतो. पण ज्याला बॉम्ब लागला तो पहारेकरी कोण, कुठला, त्याच्या घरी त्या रात्री काय शिजलं, हे रायांचा कॅमेरा विचारत नाही. तो जखमी होतो एवढ्यासाठी, की श्यामलेंदूचं मन किती मेलंय ते आपल्याला कळावं.

तिसरा 'जन अरण्य'. पडद्यावर आला १९७६ ला, आणीबाणीत. सुरुवातच परीक्षेच्या हॉलपासून. सगळी पोरं उघडउघड कॉपी करतायत. सोमनाथ बॅनर्जी मात्र प्रामाणिक. त्याचा पेपर तपासणाऱ्याचा चष्मा बरोबर नसतो, बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून सोमनाथचा ऑनर्स हुकतो. वणवण करताना केळीच्या सालीवरून घसरून पडतो आणि एक ओळखीचा माणूस त्याला धंद्याला लावतो. ऑर्डर सप्लाय. इथून घ्यायचं, तिथं द्यायचं, मधले पैसे खिशात. म्हंजे दलाली. शेवटी एका कापड गिरणीची मोठी ऑर्डर मिळवायची असते. माल कसला, तर कापडाला पांढरंशुभ्र करणारं रसायन. खरेदी अधिकाऱ्याला खूष करायला पोरगी पाहिजे. सोमनाथ पोरगी आणतो आणि ती निघते त्याच्याच बेकार मित्राची बहीण. तो तिला पैसे देऊन परत जा म्हणतो. ती जात नाही. तिलाही घर चालवायचं आहे. सोमनाथ घरी येऊन बापाला सांगतो, ऑर्डर मिळाली. बापाचा जीव भांड्यात पडतो.

तो मित्र सुकुमार, त्याला नोकरी मिळत नाही, तो शेवटी टॅक्सी चालवतो. तिघांच्या गोष्टींत मला खरा जिता माणूस तोच वाटला.

सेनांची लाँड्री

मृणाल सेन रायांपेक्षा तापट. त्यांच्या 'इंटरव्ह्यू'त (१९७१) नायक एका छापखान्यात कामाला आहे. परदेशी कंपनीत चांगली नोकरी मिळेल, फक्त मुलाखतीला सूट घालून जायचं. सूट लाँड्रीत. आणि लाँड्री बंद, कारण तिथल्या कामगारांचा संप. उसना सूट मिळवतो, तो बसमधल्या पाकीटमाराच्या भानगडीत हरवतो. शेवटी धोतर-कुर्ता घालून जातो आणि नोकरी जाते. मग रात्री दुकानाच्या काचेवर दगड घालून आतल्या पुतळ्याच्या अंगावरचा सूट तो फाडून काढतो. इंग्रज जाऊन चोवीस वर्षं झाली आणि पोटाची भाकरी अजून त्याच्या कपड्यावर ठरते, हे सेनांनी नेमकं धरलं.

पण मी लाँड्रीपाशी थांबलो. कपडे धुणारे, इस्त्री करणारे कामगार संपावर का गेले? त्यांचा पगार किती होता? संप जिंकला की मोडला? सिनेमाला त्याचं काही नाही. संप म्हंजे नायकाच्या वाटेतला एक दगड. आपल्या लोकांनी संप केला, की पांढरपेशाच्या गोष्टीत तो असाच येतो. आज कामवाली आली नाही, आज कचरा उचलला नाही.

'कलकत्ता ७१' (१९७२) मध्ये सेन पुढं जातात. १९३३, १९४३, १९५३ अशा वेगवेगळ्या काळांतल्या भुकेच्या गोष्टी ते एका धाग्यात ओवतात, आणि धागा म्हंजे गोळी खाऊन मेलेला विशीतला पोरगा, जो हजार वर्षं चालत आलोय असं सांगतो. हजार वर्षं म्हटल्यावर माझे कान टवकारले. पण त्यात गरिबी आहे, उपासमार आहे, सरकार आहे. जात नाही. 'पदातिक' (१९७३) मध्ये मात्र सेनांनी धाडस केलं. पोलिसांपासून लपलेला कार्यकर्ता एका श्रीमंत बाईच्या फ्लॅटमध्ये दिवस काढतो आणि स्वतःच्याच पुढाऱ्यांना प्रश्न विचारायला लागतो. आपल्या चळवळीत असा प्रश्न विचारणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून 'पदातिक' प्रत्येक शाखेत दाखवावा असं मला वाटतं.

घटकांचा अभिराम

जात कुठंच नाही का? आहे. ऋत्विक घटकांकडं आहे.

घटक स्वतः पूर्व बंगालातून तुटून आलेले. त्यांच्या 'मेघे ढाका तारा'त (१९६०) निर्वासित वसाहतीतलं घर आहे. थोरली मुलगी नीता सगळ्यांना पोसते आणि क्षयानं खंगते. धाकटा भाऊ कॉलेज सोडून कारखान्यात लागतो, तर घरात आनंद नाही, शिक्षकाचा मुलगा मजूर झाला याचा सल आहे. ते पाहून मी हसलो आणि मग गप्प झालो. माझ्या आईनं मला बदली मिळाली तेव्हा पेढे वाटले होते.

पण खरा सिनेमा 'सुवर्णरेखा'. १९६२ ला तयार झाला, १९६५ ला पडद्यावर आला. निर्वासितांच्या वसाहतीत अभिराम नावाच्या पोराची आई त्याच्यापासून तोडली जाते. ईश्वर नावाचा भला माणूस त्याला आपल्या धाकट्या बहिणीबरोबर, सीतेबरोबर, वाढवतो. पोरं मोठी होतात, एकमेकांवर जीव जडतो. आणि एक दिवस रेल्वे स्टेशनवर एक बाई मरताना दिसते. अभिराम ओळखतो, ही माझी आई. लोक ओळखतात, ही तर बागदी. बागदी म्हंजे तिकडची अस्पृश्य मानलेली जात. झालं. फाळणीत सगळं गमावलेल्या, स्वतः निर्वासित असलेल्या त्या भल्या ईश्वराची जात मात्र फाळणीत हरवलेली नसते. ती त्यानं नीट सांभाळून आणलेली असते. तो अभिरामला दूर करतो.

सीता आणि अभिराम पळून कलकत्त्याला येतात. अभिराम लेखक आहे, कादंबरी लिहिलीय, छापायला कुणी तयार नाही. शेवटी बसचा ड्रायव्हर होतो. गाडीखाली एक मूल येतं आणि जमाव त्याला ठेचून मारतो. सीता पोटासाठी गिऱ्हाईक घ्यायला बसते आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून दारू प्यालेला तिचा भाऊच दारात उभा राहतो. ती गळ्यावर विळी चालवते.

सिद्धार्थ, सोमनाथ, रणजित यांच्या कितीतरी आधी अभिराम येऊन गेला. शिकलेला, लिहिणारा, बेकार. पण जगानं त्याची नोंद 'निराश तरुण' म्हणून केली नाही. फाळणीचा सिनेमा म्हणून 'सुवर्णरेखा' गाजला, जातीचा सिनेमा म्हणून तो वाचायचं काम आपल्यावर राहिलं.

चौकटीबाहेर

आता जो पडद्यावर आलाच नाही त्याच्याकडं या. इथं बंगालचा आणि आपला थेट संबंध आहे. १९४६ ला मुंबई प्रांतातून घटना समितीत जायची बाबासाहेबांची वाट बंद केली गेली. तेव्हा त्यांना निवडून पाठवलं बंगालनं. जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या अनुसूचित जातींच्या आमदारांनी. त्यामागं बळ होतं नमशूद्र समाजाचं. फाळणी झाली, तो मुलूख पाकिस्तानात गेला आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. मग जुलै १९४७ ला ते मुंबईतून निवडून आले. जोगेंद्रनाथ पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला निघून आले.

त्यांच्या मागून नमशूद्र शेतकरी आले. आधी आलेल्या वरच्या जातीच्या निर्वासितांनी कलकत्त्यात जागा धरल्या, वसाहती उभारल्या. नंतर आलेल्या नमशूद्रांना छावण्यांत कोंडलं आणि मग दंडकारण्याच्या जंगलात पाठवलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बंगाली माणसांची गावं आहेत, ती या निर्वासितांचीच. १९७८ ला दंडकारण्यातले हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर परत गेले. तिकडं तेव्हा डाव्या आघाडीचं सरकार. जानेवारी १९७९ मध्ये बेटाला वेढा घालून अन्न-पाणी तोडलं, गोळीबार झाला आणि मे महिन्यात झोपड्या जाळून लोकांना हाकललं. किती मेले याचा सरकारी आकडा आणि वाचलेल्यांचा आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्या शहरानं बेकार पोराच्या दुःखावर इतके सिनेमे काढले, त्याच शहरातल्या त्या थोर दिग्दर्शकांपैकी कुणी मरिचझापीवर एक रीळ खर्च केलं नाही.

त्याच कलकत्त्यात, त्याच वर्षांत, सिद्धार्थच्याच पिढीचा एक नमशूद्र पोरगा होता. मनोरंजन ब्यापारी. बारिसालहून निर्वासित होऊन आलेला, छावणीत वाढलेला, चहाच्या टपरीवर कपबशा धुतलेला. शाळा पाहिलेली नाही. नक्षलवादाच्या धामधुमीत तुरुंगात गेला आणि तिथं जमिनीवर रेघोट्या ओढत अक्षरं शिकला. सुटून जादवपूरला सायकलरिक्षा ओढू लागला. एक दिवस रिक्षात एक शिक्षिकेसारखी बाई बसली. वाचताना अडलेला एक शब्द त्यानं तिला विचारला. 'जिजीविषा'. तिनं अर्थ सांगितला, जगायची इच्छा. ती बाई महाश्वेतादेवी. त्यांनी आपल्या 'बर्तिका' नावाच्या छोट्या नियतकालिकात त्याला लिहायला लावलं. पुढं त्याचं आत्मचरित्र आलं आणि २०२१ ला तो आमदारही झाला.

त्या दोस्ताला

आता भांडण मिटवायला बसतो. दोस्ता, तू म्हणतोस सिद्धार्थ म्हंजे मीच. रांगेत उभं राहून पाय दुखले, तेवढ्यापुरता आहेस. पण त्याला वचन होतं. बापजाद्यांची खुर्ची आपल्यासाठी ठेवलेली असणार, असा त्याचा भरवसा. तो मोडला म्हणून तो निराश. आपल्याला असा भरवसा कुणी दिलाच नव्हता. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणताना पुढं 'संघटित व्हा, संघर्ष करा' असंही सांगितलं. नोकरी मिळेल आणि गोष्ट संपेल, असं ते कुठंच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दोस्ता, तू म्हणतोस आपल्याला त्याचं काय? खूप काही. कारण आपल्यातला शिकलेला पोरगा आता त्या तिघांच्याच वाटांवर उभा आहे. टेबल उलथं करून गावाला निघून जायचं, किंवा श्यामलेंदू होऊन खालच्यांच्या टाळेबंदीवर वर चढायचं, किंवा सोमनाथ.

मला भीती सोमनाथची वाटते. ज्यानं पहिल्यांदा 'प्रतिद्वंद्वी'ची गोष्ट काढली तो आमचा बी. ए. झालेला दोस्त आता एका पुढाऱ्याच्या ऑफिसात बसतो. निवडणूक आली, की वस्तीतल्या नावांची यादी त्याच्या हातात असते. हाही ऑर्डर सप्लायच. इथून माणसं घ्यायची, तिथं द्यायची. त्याला शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही. बदलीसाठी मुकादमाला पैसे मीही दिले होते आणि आईनं वाटलेले पेढे त्यावरचे होते. ऑर्डर मिळाली म्हटल्यावर सोमनाथच्या बापाचा जीव जसा भांड्यात पडला, तसा आमच्याही घरात पडला होता.

म्हणून सांगतो, हे सिनेमे बघा. शाखेत लावा, पोरींना बोलवा, त्यांचं काय म्हणणं आहे ते आधी ऐका, कारण या सगळ्या गोष्टींत शेवटी किंमत त्यांनीच दिलीय. बघताना नायकाच्या मागं कोण उभं आहे ते शोधा. पहारेकरी, लाँड्रीवाला, टॅक्सीवाला सुकुमार, त्याची बहीण. मग त्यांची गोष्ट तुम्ही लिहा आणि या मासिकाला पाठवा. रिक्षा ओढणारा माणूस एका शब्दाचा अर्थ विचारतो आणि छोट्या नियतकालिकात लिहायला लागतो, हे तिकडं घडून गेलंय.

आणि त्या दोस्ताला कुणी भेटलं तर सांगा, रविवारचा अभ्यासवर्ग चालू आहे. त्याची जागा कुणी घेतलेली नाही.

जय भीम.